१ मेच्या ग्रामसभेत पहिला विषय शाळेचा घ्या : गावोगावच्या सरपंचांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच

सन्माननीय सरपंचताई आणि सरपंचदादा,


एप्रिलचा शेवटचा आठवडा तुमच्यासाठी धावपळीचा असतो. १ मेच्या ध्वजारोहणाची तयारी, ग्रामसभेची नोटीस, दवंडी, पाण्याचे टँकर, त्यातच गावची जत्रा. त्याच आठवड्यात तुमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आणि बाई प्रगतिपुस्तकं भरत बसलेले असतात. १ मेला सकाळी झेंडा चढतो, राज्यगीत होतं, मुलांच्या हातात पेढा आणि प्रगतिपुस्तक पडतं आणि तासाभरात मैदान रिकामं होतं. पोरांनी वर्षभर काय केलं, याचा गावाला पत्ताही लागत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमध्ये नोकरी करून निवृत्त झालेला शिक्षक आहे. तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. १ मेची ग्रामसभा शाळेच्या मैदानात भरवा, तिचा पहिला विषय शाळेच्या सरत्या वर्षाचा ठेवा आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला यंदा शिकलेली एक गोष्ट गावासमोर करून दाखवू द्या.

हाच दिवस का, ते आधी सांगतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर दोन वर्षांनी, १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, हे मात्र फारसं कोणाच्या लक्षात नसतं. त्याआधी बऱ्याच भागांत गावची शाळा बोर्डाची होती, आणि जुनी माणसं अजूनही तिला ‘बोर्डाची शाळा’च म्हणतात. म्हणजे आपल्या शाळा जिच्या आहेत, त्या संस्थेचाही वाढदिवस याच दिवशी येतो. शाळेचा निकालही याच दिवशी लागतो. आणि वर्षातल्या ठरलेल्या चार ग्रामसभांपैकी एक याच दिवशी असते; बाकीच्या तीन २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला. एवढं सगळं एका सकाळी, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर घडतं. तरीही निकाल शाळेत राहतो आणि ग्रामसभा चावडीत.

गावाला शाळेची माया नाही, असं मी कधीच म्हणणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीतलं गॅदरिंग आठवा. संध्याकाळी सहापासून लोक जागा धरून बसतात. शेतावरून आलेला माणूस हातपाय धुऊन थेट मंडपात येतो. पोरगी नाचायला उभी राहिली की तिची आजी कमरेची पिशवी सोडते. एक गुरुजी स्टेजच्या कडेला वही घेऊन बसलेले असतात, नावं लिहितात आणि माईकवरून पुकारतात : अमक्या ताईंकडून ५१ रुपये, तमक्या मित्रमंडळाकडून ५०१ रुपये. याच पैशातून कितीतरी शाळांना रंग लागला, टीव्ही आला, फरशी बसली. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत आणि त्या गावांना माझा नमस्कार आहे.

पण गॅदरिंगला गाव जे पाहतं, ते महिनाभराच्या सरावाचं फळ असतं. दहा महिन्यांच्या अभ्यासाचं फळ पाहायला तेच गाव येत नाही, कारण त्याला कोणी बोलावत नाही. आणि गॅदरिंगच्या वेळी गावातली काही घरं बंद असतात. बीड, अहिल्यानगर, जालना या भागातल्या सरपंचांना हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊसतोडीला जातात, त्या मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपल्यावर परततात. त्या आईबापांनी आपल्या लेकराला स्टेजवर कधी पाहिलेलंच नसतं. १ मेला ती माणसं गावात असतात. शाळेच्या वर्षअखेरीचा तेवढाच एक समारंभ त्यांच्या वाट्याला येऊ शकतो, आणि आपण तो तासाभरात उरकतो.

आता प्रगतिपुस्तकाकडे वळू. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयापासून आपल्याकडे पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक आणि संकलित अशा दोन भागांत वर्षभर नोंदी होतात आणि शेवटी श्रेणी मिळते : अ-१, अ-२, ब-१, ब-२ अशी. एका परीक्षेवर लेकराचं भवितव्य ठरू नये, हा त्यामागचा विचार योग्यच होता आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पाचवी आणि आठवी सोडली तर कोणाला मागे ठेवलं जात नाही; त्या दोन इयत्तांनाही नापासाची तरतूद २०२३-२४ पासून आली आणि तिथंही आधी फेरपरीक्षेची संधी आहे. पण घरी काय होतं? आई प्रगतिपुस्तक उघडते, ‘ब-१’ पाहते, शेजारणीच्या पोराचं ‘अ-२’ पाहते आणि पोराकडे रोखून बघते. आपल्या मुलाला नेमकं काय येतं आणि कुठं अडतं, हे तिला त्या अक्षरावरून कळत नाही. खाली शिक्षकांनी लिहिलेली वर्णनात्मक नोंद असते. मनापासून लिहिलेली असेल तर ती सोन्यासारखी असते : ‘गोष्ट सांगताना हावभाव करतो’, ‘मोठ्या संख्या वाचताना अडखळते, पण तोंडी हिशोब अचूक करते’. घाईत लिहिलेली असेल, तर चाळीस मुलांच्या पुस्तकात तेच चार शब्द असतात. आणि जिला वाचताच येत नाही, त्या आईला दोन्ही नोंदी सारख्याच.

एका वर्षी आमच्या शाळेत आम्ही निकाल वर्गात न वाटता मैदानातल्या वडाखाली वाटला. पालकांना बोलावलं आणि मुलांना सांगितलं, तुम्हाला जे चांगलं येतं ते एक करून दाखवा. चौथीतला एक मुलगा नोव्हेंबरात, स्थलांतरित मुलांना शाळा देते ते शिक्षण हमी कार्ड घेऊन आईबापांबरोबर कारखान्यावर गेला होता आणि मार्चअखेरीस परतला होता. त्याची श्रेणी क-१. धडा वाचायला तो तयार होईना. मग म्हणाला, “पावत्यांचा हिशोब करतो.” वडिलांनी खिशातून काट्याच्या पावत्या काढल्या. त्यानं त्यातल्या चार घेतल्या आणि फळ्यावर एकाखाली एक वजनं मांडली : २ टन १४० किलो, १ टन ९८५ किलो, २ टन ३१० किलो, २ टन ७५ किलो. शेवटच्या ओळीत ७५ च्या आधी शतकाच्या घरात त्यानं आठवणीनं शून्य लिहिलं. किलोंची बेरीज केली, हजार किलोंचा एक टन हातचा घेतला आणि खाली लिहिलं : ८ टन ५१० किलो. बाजूला बसलेल्या दुसऱ्या एका तोडकऱ्यानं ताबडतोब आपल्या पावत्या पुढे केल्या. मुकादमाच्या वहीतला आकडा आता आपल्याला पडताळता येईल, हे त्या दोघांनाही त्याच क्षणी कळलं होतं. पुढच्या जूनमध्ये, आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची चौकशी करायला त्या मुलाचे वडील आपणहून शाळेत आले. क-१ या श्रेणीत यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

लोकांसमोर शिकलेलं करून दाखवण्याची ही रीत आपल्या मातीत जुनी आहे. १८५० च्या दशकात पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या मुलींच्या शाळांच्या परीक्षा चारचौघांत होत आणि त्या पाहायला लोक जमत. मुली शिकू शकतात का, हा वाद तेव्हा घराघरात होता. मुलींनी लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचं उत्तर दिलं. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला आणि आज पावणेदोनशे वर्षांनीही आपण त्याचं नाव काढतो. आज तुमच्या गावात वाद वेगळा आहे : मराठी शाळेत काही शिकवतात का? इंग्रजी शाळेची पिवळी बस रोज सकाळी गावातून मुलं भरून नेते, ती याच प्रश्नावर चालते. त्याचं उत्तर भाषणानं मिळणार नाही. गावानं समोर बसून, कानांनी ऐकून ते मिळवायला हवं.

काही सरपंच म्हणतील, शाळा जिल्हा परिषदेची, शिक्षक जिल्हा परिषदेचे, ग्रामपंचायतीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींकडे सोपवायच्या विषयांची जी यादी दिली, तिच्यात प्राथमिक शिक्षण आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ‘स्थानिक प्राधिकरण’ या शब्दात पंचायतही येते आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, शिवाय स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला प्रतिनिधी हवा, हेही त्याच कायद्यात आहे. तुमच्या गावात ही समिती कागदावर नक्की असेल. वर्षातून एकदा तिनं गावासमोर उभं राहावं, एवढंच मी म्हणतो आहे.

तुमचीही एक अडचण यातून सुटेल. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही, ही सगळ्या गावांची तक्रार आहे. शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यांतले जे कमी असतील तेवढे लोक हवेत, आणि उन्हाळ्याच्या सकाळी तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेत पाच-सहा जण बसून ठराव मंजूर करतात. नात कविता म्हणणार आहे हे कळलं की आजी येते, आई येते, लग्न होऊन गावात आलेली काकूही येते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती होते. निकालासाठी जमलेल्या आयांची तीच सभा होऊ द्या. राज्यातली सरपंचांची निम्मी पदं महिलांसाठी राखीव आहेत. सरपंचताई, या आयांसमोर तुम्हीच बसलेल्या असाल. शाळेच्या संडासाला दार नाही, हे त्या तुम्हाला मोकळेपणानं सांगतील. पुरुषांनी भरलेल्या चावडीत हे सांगायला त्या उभ्या राहत नाहीत.

मुलांचं दाखवून झालं की ग्रामसभेनं मुख्याध्यापकांकडून पाच गोष्टी ऐकून घ्याव्यात आणि कार्यवृत्तात लिहून घ्याव्यात. पटावर किती मुलं आहेत आणि रोज किती येतात? समजून वाचता येणारी मुलं किती, आणि ज्यांना अजून येत नाही त्यांच्यासाठी जूनपासून काय करणार? शेवटच्या इयत्तेतून बाहेर पडलेलं प्रत्येक मूल पुढं कोणत्या शाळेत जाणार? पाणी, मुलींचं स्वच्छतागृह, कुंपण, वीजबिल यांतलं काय अडलं आहे? आणि जूनमध्ये पहिलीत येणारी मुलं किती?

यातल्या तिसऱ्या प्रश्नावर माझा सर्वांत जास्त भर आहे. लहान गावांतल्या बहुतेक शाळा चौथी किंवा पाचवीला संपतात. त्या वर्गाचा निरोप समारंभ तुम्ही पाहिला असेल. धाकटी मुलं फुगे लावतात, आचारीताई खिचडीऐवजी पुरी-भाजी करतात, जाणारी मुलं शाळेला घड्याळ किंवा फोटो भेट देतात, मुली हुंदके देऊन रडतात. त्यानंतर दाखला हातात पडतो आणि ते मूल या शाळेच्या पटावरून निघून जातं. पुढची शाळा चार-पाच किलोमीटरवर असते. मुलगा सायकलवर जातो. मुलीच्या बाबतीत घरात विचार सुरू होतो आणि जून उजाडला तरी तिचा दाखला ट्रंकेत पडून राहतो. ती गळाली, हे शाळेला कळत नाही, कारण शाळेच्या दृष्टीनं ती उत्तीर्ण होऊन गेलेली असते. तिच्या नावापुढं पुढच्या शाळेचं नाव लिहिलेलं आहे की नाही, हे गावानंच विचारायला हवं. एस. टी. चा थांबा, पास, सोबतीला जाणाऱ्या मुली, जे लागेल त्याचा निर्णय त्याच सभेत घ्या. मे महिना हाताशी असतो.

वाडीवस्तीवरच्या छोट्या शाळांच्या सरपंचांना आणखी एक सांगतो. २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या, आणि त्याच वर्षी शासनानं त्यांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले तेव्हा ठिकठिकाणी लोक अस्वस्थ झाले. आपली शाळा राहावी असं वाटत असेल, तर पटावरची बारा मुलं काय शिकली हे गावाला तोंडपाठ असलं पाहिजे. बारा मुलांना ऐकायला अर्धा तास पुरतो. दरवर्षीच्या कार्यवृत्तात मुलांची प्रगती लिहिलेली असेल, तर उद्या शाळेवर वेळ आल्यावर तुमच्या हातात निवेदनाबरोबर पुरावाही असेल.

आता शिक्षकांच्या बाजूनं चार शब्द. २०२५ मध्ये राज्यभर एकाच वेळापत्रकानं परीक्षा झाल्या, ८ ते २५ एप्रिल. निकाल १ मेलाच द्यायचा होता. विदर्भात त्या दिवसांत पारा कुठं जातो, ते तिथल्या सरपंचांना सांगायला नको. उत्तरपत्रिका तपासणं, नोंदी, प्रगतिपुस्तकं, दाखले, ऑनलाइन माहिती, हे सगळं त्या पाच दिवसांत बसवायचं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की या सकाळचं ओझं शिक्षकांवर टाकू नका. फ्लेक्स नको, प्रमुख पाहुणे नकोत, शाल-श्रीफळ नको, भाषणं तर मुळीच नकोत. सावली, सतरंज्या, पिण्याचं पाणी आणि माईक ही व्यवस्था ग्रामपंचायतीनं करावी. ध्वजारोहण होताच सुरू करावं आणि ऊन चढायच्या आत आटपावं.

आणि मुलांच्या बाबतीत दोन नियम कडक पाळा. पहिला, नंबर काढू नका. पहिला-दुसरा-तिसरा आला की बाकीची मुलं प्रेक्षक होतात. दुसरा, काय दाखवायचं ते मुलानंच ठरवावं. कोणी उतारा वाचेल, कोणी तेराचा पाढा म्हणेल, कोणी नकाशात आपला तालुका दाखवेल, कोणी मोजपट्टीनं ओट्याची लांबी मोजेल, पहिलीतलं पोर आपलं नाव फळ्यावर लिहील. जिला आज बोलायचं नाही, तिचं चित्र भिंतीवर लावा. गर्दीत कोणाला प्रश्न विचारून अडवू नका. जमल्यास पहिलीत येणाऱ्या चिमुकल्यांना पुढच्या रांगेत बसवा. ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व मेळाव्यात त्यांची तयारी एप्रिलमध्येच सुरू झालेली असते. आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांनाही आग्रहानं बोलवा. तीही आपल्याच गावची आहेत. त्यांनीही एक गोष्ट करून दाखवावी, म्हणजे तुलना अफवांवर होणार नाही.

या सगळ्याला वेगळा निधी लागत नाही, वरून आदेश यावा लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. सभा तुमची, मैदान गावाचं, दिवस ठरलेला. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, म्हणजे निर्णय एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच व्हायला हवा. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना आजच बोलावून घ्या, ठिकाण म्हणून शाळेचं मैदान ठरवा आणि विषयपत्रिकेवर विषय क्रमांक १ असा लिहा : ‘आपल्या शाळेचे सरते वर्ष, मुलांच्या तोंडून.’ रस्ते, गटारी आणि घरकुलं त्यानंतर घ्या.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक